मुलगा येतोय

त्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात वाईट बातमी सांगायची वेळ आली की सगळे एकाच माणसाकडे बघायचे. त्याला तिथं 'मऊ डॉक्टर' म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. बाकीचे डॉक्टर दारातून डोकं काढून दोन वाक्यं फेकायचे आणि पसार व्हायचे. हा खुर्ची ओढून समोर बसायचा, फोन बंद करायचा, समोरच्याचा श्वास जरा खाली बसला की मगच तोंड उघडायचा. 'प्रयत्न चालू आहेत' असल्या गुळमुळीत शब्दांमागं लपायचा नाही. रडणाऱ्याला रडू द्यायचा. माणसं आपलं माणूस गमावून घरी जायची आणि जाताना याचे हात हातात घेऊन जायची.

नव्या डॉक्टरांना तो हे सगळं शिकवायचा. पहिला धडा अगदी साधा होता. आधी पेशंटचं नाव विचारा, मग समोरचा त्याचा कोण लागतो ते विचारा, त्यानंतर पुढचं बोला. पोरं मान डोलवायची. एवढं काय त्यात, असं त्यांच्या चेहऱ्यावर असायचं.

त्या दुपारी विभागात मुंगीला शिरायला जागा नव्हती. शहरात तापाची साथ होती. खाटा भरल्या, स्ट्रेचर भरली, चाकाच्या खुर्च्यांवर सलाईन लागली. त्या गर्दीत पाठोपाठ दोन म्हातारे आले. दोघांनाही धाप लागलेली, दोघांच्याही तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या, मध्ये फक्त निळा पडदा.

एक होता जन्मभर ट्रक चालवलेला आणि जन्मभर विड्या ओढलेला. त्याचा दमा उसळला होता. औषधाची वाफ दिली तसा तो ताळ्यावर आला आणि ताळ्यावर आल्या आल्या कुरकुरायला लागला. उशी टणक आहे, सुई टोचते, माझ्या चपला कुठं ठेवल्या. मोठ्या सिस्टर हसून म्हणाल्या की भांडायला लागला म्हणजे पेशंट सुधारला.

दुसरा शिंपी होता. त्याचं हृदय कधीचंच थकलेलं. यापूर्वीही तो दोनतीनदा येऊन गेला होता आणि मागच्या खेपेला त्यानं स्वतः डॉक्टरांना बजावलं होतं, की पुढच्या वेळी नळ्या घालू नका, मशीनवर टाकू नका. कपडा जुना झाला की त्याला ठिगळ धरत नाही. ते वाक्य कुणीतरी त्याच्या कागदांवर जसंच्या तसं उतरवून ठेवलं होतं. मऊ डॉक्टरनं ते वाचलं, त्याचे गार पडलेले पाय चाचपले, निळसर नखं पाहिली, औषधं देऊनही न चढणारा रक्तदाब पाहिला, आणि काय ते समजला.

पुढचं त्यानं चोख केलं. धाप कमी वाटावी म्हणून मॉर्फिनचा लहानसा डोस दिला. पाठीशी उशा लावून म्हाताऱ्याला टेकवून बसवलं. सारखा कोकलणारा मॉनिटरचा आवाज बंद केला. मोठ्या सिस्टरना सांगितलं की काहीही होवो, हा पडदा आता उघडायचा नाही, आणि मी यांच्या माणसाला घेऊन येतो. सिस्टरनी खाटेशेजारी स्टूल ओढलं आणि म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. इथवर कुणी बोट ठेवावं असं काही नव्हतं.

तो बाहेर प्रतीक्षागृहाच्या दाराशी आला आणि त्यानं मोठ्यानं विचारलं, "धाप लागलेल्या आजोबांबरोबर कोण आहे?"

दोन माणसं उठली. एक चाळिशीचा दणकट गडी, गॅरेजातून तसाच उठून आलेला. कपड्यांवर ऑइलचे डाग, डोळे रडून लाल. तो दोन ढांगांत समोर येऊन उभा राहिला. दुसरी एक म्हातारी बाई, कडेच्या बाकावर बसलेली. मांडीवर कापडी पिशवी, हातात कुणाच्या तरी लहान मुलीचा फ्रॉक, आणि ती त्याला बटण लावत होती. तिनं दातानं दोरा तोडला, सुई कापडात खोचली आणि उठली.

डॉक्टरनं दोघांकडं पाहिलं. चेहरा वाचण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, असं त्याचं स्वतःबद्दलचं मत होतं. एवढी वर्षं त्यानं काय केलं होतं, चेहरेच तर वाचले होते. ज्याचा बाप चाललाय त्याला आतून कळतंच, तो असाच रडवेला होऊन धावत येतो. आणि जिचा नवरा मरणाच्या दारात आहे ती बाई बाकावर बसून बटणं लावत बसेल का? हा विचार त्यानं मुद्दाम केलाही नाही. तो आपोआप झाला, जसा सराईत माणसाचा होतो. नाव विचारायचं राहून गेलं.

आधी तो बाईंकडं वळला, कारण चांगली बातमी सांगायला वेळ लागत नाही.

"मावशी, आजोबांना चांगला उतार आहे. थोड्या वेळानं वरच्या वॉर्डात हलवू. तुम्ही चहा घेऊन या."

"मी आत जाऊ का?" तिनं विचारलं. "नुसती बसेन कोपऱ्यात. मध्येमध्ये नाही येणार."

"आत पाय ठेवायला जागा नाहीये हो. आणि तुम्ही अशा उपाशी बसलात तर मग तुम्हालाच खाट द्यावी लागेल, आणि खाट शिल्लक नाही."

बाई कसनुशी हसली. पिशवी खांद्याला लावून दोन पावलं गेली, थांबली, मागं वळून दाराकडं बघितलं. डॉक्टरनं हातानंच 'जा, जा' अशी खूण केली, अगदी प्रेमानं. मग ती कँटीनच्या दिशेनं निघून गेली.

आता त्यानं त्या गॅरेजवाल्याला बाजूच्या लहान खोलीत नेलं. खुर्ची ओढली, फोन बंद केला, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसला. आणि मग त्यानं आपलं काम केलं, नेहमीपेक्षाही चांगलं केलं. हृदय थकलंय, आता ते सावरणार नाही, आज बहुतेक जातील, पण त्रास होऊ देणार नाही, हे त्यानं एकेक करून, मध्ये थांबत थांबत सांगितलं. तो दांडगा माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. डॉक्टरनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की आजोबांनी स्वतःच मागच्या खेपेला मशीन नको म्हणून सांगून ठेवलंय.

गॅरेजवाल्यानं मान वर केली. "बाबा असं म्हणाले? कधी?"

"मागच्या वेळी इथं होते तेव्हा."

"इथं होते? मला कुणी बोललंच नाही." तो गोंधळला, मग स्वतःशीच खजील होऊन म्हणाला की मी दिवसभर गॅरेजात असतो, घरात काय चाललंय मला कळतच नाही.

घरोघरी मातीच्या चुली, डॉक्टरच्या मनात आलं. बापाच्या दुखण्याचा पत्ता नसलेले मुलगे त्यानं ढिगानं पाहिले होते. त्याला वाटलं, याला आणखी टोचायला नको. विषय त्यानं अलगद बदलला.

गॅरेजवाल्यानं मग हात जोडून एक मागणं केलं. धाकटा भाऊ आहे. त्याचं आणि बाबांचं बोलणं कित्येक वर्षं बंद आहे. त्याला बोलावतो, तो आला की आम्ही दोघं मिळूनच आत जातो. मला एकट्याला धीर होणार नाही. डॉक्टरनं सांगितलं की वेळ फार नाही. पण तो एवढा गयावया करत होता की डॉक्टरनं होकार दिला. दारातून निघताना त्याला आतून भरून आलं होतं. मोडलेलं घर सांधायला आपण हातभार लावतोय असं काहीतरी त्याला वाटत होतं.

तो पडद्याआड परतला तेव्हा शिंपी जागा होता. मॉर्फिननं धाप बरीच बसली होती. डोळे खोल गेलेले, पण शुद्ध होती. त्यानं डॉक्टरकडं पाहिलं, मग पडद्याकडं, आणि मास्कमधून काहीतरी पुटपुटला. मास्कमधून शब्द कुठला धड ऐकू यायला. डॉक्टरला ते 'आला?' असं वाटलं.

"येतोय काका," तो वाकून म्हणाला. "तुमचा मुलगा येतोय. दोघंही येतायत."

म्हाताऱ्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. पुन्हा हलवली. मग हात उचलून दाराच्या दिशेनं बोट केलं आणि पुन्हा तोच शब्द म्हणाला.

डॉक्टरनं तो उचललेला हात हळूच खाली ठेवला. धाकट्याबरोबरचं भांडण त्याला ताजं ताजं कळलेलं होतं. त्यामुळं बोट दाराकडं का, हे त्याला लगेच उमजलं, निदान तसं त्याला वाटलं.

"राग सोडा आता काका," तो आपल्या मऊ आवाजात म्हणाला. "मुलं चुकतात. मोठ्यांनी पदरात घ्यायचं असतं."

शिंपी त्याच्याकडं बघत राहिला. त्या बघण्यात राग नव्हता. परक्या मुलखातल्या स्टेशनवर उतरलेला माणूस समोरच्याची भाषा कळत नसताना बघतो तसं ते बघणं होतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "सर, यांना काहीतरी वेगळंच म्हणायचंय." डॉक्टरनं हलक्या आवाजात समजावलं की मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की भ्रम होतो, आपण फक्त धीर द्यायचा. सिस्टर गप्प बसल्या. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मग श्वासांमधलं अंतर वाढत गेलं, आणि थोड्या वेळानं एका श्वासानंतर दुसरा आलाच नाही.

सिस्टरनी त्याच्या तोंडावरचा मास्क काढला, विस्कटलेले केस हातानं नीट केले, ऑक्सिजनची फुसफुस बंद केली. डॉक्टर दोघा भावांना आणायला बाहेर गेला. धाकटा तेवढ्यात पोचला होता, धावत आल्यामुळं घामानं निथळत होता. उशीर झाला, आत्ताच गेले, असं डॉक्टरनं त्यांना सांगितलं. धाकट्यानं भिंतीवर डोकं टेकलं. थोरल्यानं त्याला धरलं, आणि दोघं एकमेकांच्या आधारानं पडद्याच्या आत आले.

थोरला खाटेजवळ गेला. थांबला. वाकून पाहिलं.

"हे आमचे बाबा नाहीत," तो म्हणाला.

तेवढ्यात शेजारच्या पडद्यामागून खणखणीत आवाज आला, "अहो सिस्टर, माझ्या चपला मिळाल्या का नाही?"

धाकट्यानं पडदा सर्रकन बाजूला केला. ट्रकवाला म्हातारा पाय खाली सोडून खाटेवर बसला होता. एवढ्या वर्षांनी समोर उभ्या राहिलेल्या लेकाकडं त्यानं डोळे बारीक करून पाहिलं.

"तू? तू कसा काय आलास? कोण मेलं?"

दुसऱ्या कुठल्या वेळी यावर सगळे पोट धरून हसले असते. मोठ्या सिस्टरनी घाईनं पडदा परत ओढून घेतला, पण त्याआधी म्हाताऱ्याला पलीकडची खाट दिसलीच, आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

डॉक्टरच्या कानांतून गरम वाफ निघावी तसं झालं. पहिला विचार त्याच्या मनात आला तो शिंप्याचा नव्हता, त्या बाईचा नव्हता. हे कुणाकुणाला कळलं, हा होता. तो विचार त्याला पुढं फार दिवस छळत राहिला. कुणाला कळलं ते त्यानं नजर फिरवून मोजलंसुद्धा: दोन भाऊ, एक म्हातारा, मोठ्या सिस्टर.

थोरल्या भावानं त्याला कोपऱ्यात गाठून चांगलंच फैलावर घेतलं. घरी बायको धाय मोकलून रडतेय, आत्याला कळवून झालंय, पोरांना शाळेतून आणायला माणूस धाडलाय. तुम्ही माणसं आहात की कोण? डॉक्टरनं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. ते ऐकताना त्याला बरं वाटत होतं, हेही त्याच्या ध्यानात आलं. शिव्या खाणं सोपं होतं. अवघड ते अजून यायचं होतं.

ती कँटीनकडून येताना दिसली. हातात कागदी कप, त्यावर दुसरा कप पालथा घातलेला, सांडू नये म्हणून हळूहळू चालत.

"यांच्यासाठी आणलाय," ती म्हणाली. "इथला चहा यांना पाणचट लागतो, पण साखर जास्त घातली की चालतो."

त्यानं तिला त्याच लहान खोलीत नेलं, त्याच खुर्चीवर बसवलं. आणि आता, सगळं होऊन गेल्यावर, त्यानं तिला पेशंटचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. तुम्ही त्यांच्या कोण, त्यानं विचारलं. तिला या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "बायको," ती म्हणाली.

सांगायची वेळ आली तेव्हा त्याचं कसब त्याच्या मदतीला धावून आलं. ते त्याच्या हाडीमांशी मुरलेलं होतं. तो थांबत थांबत, हळू आवाजात बोलला. आजोबा गेले. हृदय अचानक थांबलं. उतार पडलेला वाटत होता, पण असं कधीकधी होतं. तुम्हाला बोलवायला वेळच मिळाला नाही.

बाईनं कप टेबलावर ठेवला.

"काही म्हणाले का?"

"नाही. शांत होते."

"तुम्ही होता ना जवळ?"

"होतो."

"मग झालं," ती म्हणाली. "एकटे नव्हते." आणि तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. तिच्या बोटांच्या टोकांना सुयांनी घट्टे पडले होते. ते त्याला जाणवले. दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या बाईंना आत न्यायला पुढं झाल्या आणि जाताना डॉक्टरकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

ट्रकवाल्याला दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. थोरला भाऊ डॉक्टरला शोधत आला. राग मावळला होता. म्हणाला, साहेब, काल तोंडाला येईल ते बोललो. पण तुमच्यामुळं धाकटा आला, रात्रभर बाबांच्या उशाशी बसला. सकाळी दोघं परत भांडले, पण बोलून भांडले. झालं ते एका अर्थी बरंच झालं. त्यानं डॉक्टरचा हात हलवला. डॉक्टरला वाटलं, याच्यापेक्षा कालच्या शिव्या बऱ्या होत्या. दुसऱ्याच्या ताटातलं ओढून यांना वाढलं होतं आणि आता त्याची पोच मिळत होती.

न राहवून तो विभागप्रमुखांकडं गेला आणि घडलं ते सांगितलं. प्रमुख वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि विचारलं की उपचारात काही फरक पडला का? नाही पडला. म्हातारा वाचला असता का? नसता. मग झाकली मूठ राहू द्या. त्या बाईला वाटतंय की नवरा शांतपणे गेला. तुम्ही जाऊन सांगाल, तुमचं मन हलकं होईल, आणि तिच्या उरावर जन्मभराचा धोंडा बसेल. कुणासाठी सांगायचंय, ते आधी स्वतःला विचारा.

यात खोट काढायला जागा नव्हती, आणि डॉक्टरनं त्या बोलण्याचा आडोसा घेतला. बरेच दिवस घेतला. कामावर तो येत होता, खुर्ची ओढत होता, नाव विचारत होता, एकदा सोडून दोनदा. पण आपलाच आवाज कानी पडला की त्याला शिसारी येई. तोच आवाज. त्याच आवाजात आपण एका मरणाऱ्या माणसाला त्याला नसलेल्या मुलाला माफ करायला सांगितलं होतं. बाईंनी कागद भरताना मोठ्या सिस्टरना सांगितलं होतं की आम्हाला मूलबाळ नाही, जवळचं असं कुणीच नाही. ते सिस्टरनी त्याला कोरडेपणानं कळवलं होतं. त्यापलीकडं त्या दोघांत कामापुरतंच बोलणं उरलं होतं.

एका सकाळी औषधांच्या कपाटाशी दोघंच होते. सिस्टर पाठमोऱ्या होत्या, तशाच म्हणाल्या, "सर, ते 'आला' नव्हते म्हणत. 'आली' म्हणत होते. 'आली का?'"

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"अर्धंमुर्धं. तुम्ही भ्रम म्हणालात, मी गप्प बसले. मला जोरात बोलायला हवं होतं." त्यांनी कपाट बंद केलं. "तुमच्यावर राग आहे तो आहेच. पण झोप माझीही उडालीय."

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी तो पत्ता शोधत गेला. अरुंद गल्ली, खाली दुकानं, वर दोऱ्यांवर वाळणारे कपडे. शिंप्याचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आत दोन शिलाई मशीन होती. एकावर चादर टाकलेली, दुसऱ्यावर ती बसली होती. पायाखालचं पायडल थांबवून तिनं वर पाहिलं आणि त्याला लगेच ओळखलं. तिला आनंद झाला. तेच त्याला सोसवेना. डॉक्टर स्वतः भेटायला आले म्हणून तिनं कापडांचा ढीग उचलून खुर्ची मोकळी केली, फडक्यानं पुसली. चहा टाकते म्हणाली. तो "नको" म्हणाला, आणि ते इतकं घाईनं निघालं की ती चपापली.

तो बसला. खुर्ची पुढं ओढली नाही. काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं, पण तोंड उघडल्यावर त्याला पुढचं मागचं जुळवता येईना. शेवट आधी सांगून बसला, मग सुरुवात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो बातमी सांगताना अडखळत होता. तुम्हाला चुकून दुसऱ्याची बातमी दिली. दुसऱ्याला तुमची. तुम्ही कँटीनमध्ये होता तेव्हा ते जागे होते. शुद्धीत होते. तुम्हाला विचारत होते.

तिनं मांडीवरचं कापड दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"काय विचारलं?"

"'आली का?'"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

इथं थांबता आलं असतं. तो थांबला नाही. मुलगा येतोय म्हणालो, त्यानं सांगितलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. दाराकडं बोट केलं. मला वाटलं मुलावर रागावलेत. राग सोडा म्हणालो. मुलं चुकतात, पदरात घ्या म्हणालो.

बाहेर गल्लीतून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. बाईचे ओठ जरासे हलले आणि क्षणभर त्याला वाटलं की ती हसतेय. कदाचित हसलीही असेल, कारण नवऱ्याच्या त्या वेळच्या चेहऱ्याची कल्पना तिच्याइतकी कुणाला येणार? मग तिचे डोळे भरले.

"जन्मभर लोक आम्हाला विचारत आले, मुलंबाळं किती," ती म्हणाली. "कंटाळले होते हे त्या प्रश्नाला. शेवटी शेवटी कुणी विचारेनासं झालं होतं. तुम्ही राहिला होतात."

त्यानं मान खाली घातली.

"मला चहा नको होता," ती पुढं म्हणाली. आवाज चढला नाही. "मी तुम्हाला म्हणाले होते, आत जाते. तुम्ही रागावून नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते. मी काही भित्री नाही. पण तुम्ही एवढं गोड बोललात की मला भांडता येईना."

तो म्हणाला की मला तुमच्या हातातलं बटण दिसलं, म्हणून वाटलं की तुम्ही निर्धास्त आहात. हे बोलताना त्याचं त्यालाच ते किती पोकळ आहे ते कळत होतं.

"हात रिकामे राहिले की मला भीती वाटते," ती म्हणाली. "म्हणून लावत होते. तुम्ही मला विचारायचं होतंत."

त्यानं माफी मागितली. ती म्हणाली की माफी मला आज देता येणार नाही, आणि पुढं कधी देईन असंही धरून चालू नका. तक्रार करायची असेल तर कुठं करायची तेही त्यानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. तो उठला. दारापर्यंत गेल्यावर तिनं मागून विचारलं की त्यांचा हात कुणी धरला होता. मोठ्या सिस्टरनी, तो म्हणाला. शेवटपर्यंत? शेवटपर्यंत.

"मग त्यांना पाठवा माझ्याकडं. तुम्ही येऊ नका."

तिनं तक्रार केली नाही. डॉक्टरनं स्वतःच प्रमुखांना लेखी कळवलं, बैठक झाली, पुढं प्रत्येक पेशंटच्या मनगटावर नावाची पट्टी बांधायचं ठरलं. दोनचार सहकारी त्याला म्हणाले की एवढं कबूल करायला छाती लागते. तो तिथून निघून गेला. या कौतुकाचा घोट त्याच्या घशाखाली उतरेना. नव्या डॉक्टरांना शिकवायचं काम त्यानं दुसऱ्याकडं दिलं. 'मऊ डॉक्टर' हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. मागून कुणी म्हटलेलं ऐकू आलं की त्याची मान आपोआप खाली जाते.

मोठ्या सिस्टर त्या रविवारी शिंपीणबाईंकडं गेल्या. पुढच्याही रविवारी गेल्या. आता सुट्टी असली की जातातच, येताना कधी उसवलेला युनिफॉर्म नीट शिवून आणतात. डॉक्टरनं बरेच महिने काही विचारलं नाही. मग एकदा ड्यूटी बदलताना धीर करून त्यानं विचारलं की तुम्ही दोघी तिथं काय बोलता.

सिस्टरनी क्षणभर विचार केला. आता त्या त्याच्याशी पूर्वीसारखं बोलत, जवळजवळ पूर्वीसारखं.

"तुमच्याबद्दल नाही, सर," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटचं नाव विचारायला गेल्या.